निर्णय गटाच्या हाती आला की काय बदलतं?

सक्षमीकरणाच्या नावाखाली चालणारे बहुतेक कार्यक्रम खरं तर माहिती देण्याचे वर्ग असतात. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात, शेवटी सह्या होतात. माहिती हवीच. पण गटानं आपला प्रश्न स्वतः निवडला, उपाय स्वतः ठरवला, तर फरक पडतो का? हे औषधाच्या चाचणीसारखं तपासता येतं, आणि तसं तपासलंही गेलं आहे.

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात २००१ ते २००३ या काळात अशा चाचणीसाठी २४ भाग घेतले होते. त्यांतले १२ यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे, निवडून तिथे बायकांचे गट सुरू झाले. आरोग्यसेवेत सुधारणा मात्र दोन्हीकडे केली, म्हणजे गटांचा परिणाम वेगळा दिसावा. बैठक घेणारी बाई स्थानिक, लिहिता-वाचता येणारी. डॉक्टर नाही, नर्सही नाही. गट असलेल्या भागांत दर हजार जिवंत जन्मांमागे २६.२ बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावली. गट नसलेल्या भागांत हा आकडा ३६.९ होता.

बैठका महिन्यातून एकदा होत आणि त्यांचे चार टप्पे होते. पहिल्या टप्प्यात बाळंतपणातल्या अडचणी चित्रकार्डांवरून बोलून घ्यायच्या आणि सर्वांत महत्त्वाच्या कोणत्या, ते गटानंच ठरवायचं. असे अग्रक्रम लावायला खडे ठेवून मत देण्याची पद्धत फार उपयोगी. अक्षरओळख लागत नाही, आणि गप्प बसणाऱ्या बाईचा खडाही तेवढाच मोजला जातो. दुसऱ्या टप्प्यात कारणं खणायची. बाळ का दगावलं? दवाखान्यात उशिरा नेलं. का? गाडीला पैसे नव्हते. का नव्हते? असं ‘पण का?’ विचारत गेलं की उत्तर बहुधा आजारापाशी थांबत नाही; पैसा, अंतर, घरातली परवानगी इथवर जातं. मग उपाय ठरवून ते सगळ्या वस्तीसमोर मांडायचे. तिसऱ्या टप्प्यात अंमलबजावणी: मकवानपूरच्या गटांनी निधी जमवला, रुग्ण उचलून नेण्यासाठी स्ट्रेचरची सोय केली, स्वच्छ प्रसूतीचे संच बनवून वाटले. चौथ्यात हिशेब: काय जमलं, काय फसलं.

हे चक्र माणसात नेमकं काय बदलतं? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास येण्याचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे ते एकदा स्वतः करून दाखवणं. कुणी धीर देणं त्यामानानं कमजोर. म्हणून गटाचं पहिलं काम छोटं, दोन-तीन महिन्यांत पुरं होणारं घ्यावं. पहिल्याच फटक्यात रस्ता किंवा नवी इमारत मागितली, तर असा अनुभव लवकर हाती येत नाही.

आता फसलेला प्रयोग, कारण तो जास्त शिकवतो. बांगलादेशात तीन जिल्ह्यांत हीच पद्धत वापरली आणि २०१० साली निष्कर्ष आला तो असा: नवजात मृत्यूंत ठोस फरक नाही. तिथे साधारण १,४१४ लोकसंख्येमागे एक गट होता. पुढे त्याच जिल्ह्यांत गट वाढवून ३०९ लोकांमागे एक केला, तेव्हा नवजात मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. २०१३ साली चार देशांतल्या सात चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही हाच धागा दिसला: जिथे किमान ३० टक्के गरोदर बायका गटात येत होत्या, तिथे नवजात मृत्यूंतली घट ३३ टक्के. थोडक्या बायकांचं धैर्य वाढून वस्तीची रीत बदलत नाही. शेजारीण, सासू, जाऊ यांच्यापैकी कुणीतरी गटात असावं लागतं.

वेळेचंही तसंच. झारखंड-ओडिशात ‘एकजूट’ या संस्थेनं बायकांच्या गटांची अशीच चाचणी केली; तिच्यात नवजात मृत्यूंतली तीन वर्षांची घट ३२ टक्के होती, नुसतं दुसरं-तिसरं वर्ष पाहिलं तर ४५. वर्षाच्या निधीवर कार्यक्रम आखून वर्षअखेरीला परिणाम मागणारे पहिल्याच टप्प्यावर गाशा गुंडाळतात. ‘एकजूट’च्या भागांत दवाखान्यात जाण्याचं प्रमाण फारसं वाढलं नव्हतं, हेही लक्षात घ्यावं. बदल घडला तो मुख्यतः घरच्या बाळंतपणातल्या स्वच्छतेत, म्हणजे जे बायकांच्या हातात होतं त्यात. गटाबाहेरच्या यंत्रणेकडे अधिकार अडून राहिले, तर गट तिथेच थांबतो. लोकसहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी अर्न्स्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या, त्यांत ‘मत विचारणं’ चौथ्या पायरीवर आहे. निर्णयात खरा वाटा मिळतो तो सहावीपासून. सल्ला घेऊन निर्णय आधीच ठरल्याप्रमाणे करणं तर पुढच्या वेळी लोक न येण्याची हमीच.

बाकी चुका ओळखीच्या आहेत: बैठक घेणारी उत्तरं सांगू लागते, दोन बोलक्या बायका अजेंडा ठरवतात, बैठकीची वेळ कामावर जाणाऱ्यांना जमत नाही. यातली पहिली सर्वांत घातक, कारण ती मदतीसारखी दिसते. पगारी कार्यकर्ती जाण्याआधी निदान एक पूर्ण चक्र गटातल्याच कुणीतरी चालवावं, नोंदवही आणि निधीचा हिशेब तिच्याकडे असावा, आणि तोवर कार्यकर्तीनं मागे बसून फक्त पाहावं.