इनोट्रान्स : बर्लिनच्या रेल्वे प्रदर्शनामागचा इतिहास

बर्लिनमध्ये सम वर्षी, दर दोन वर्षांनी भरणारे इनोट्रान्स हे रेल्वे उद्योगाचे जगातील सर्वांत मोठे व्यापारी प्रदर्शन मानले जाते. १९९६ साली ते प्रथम भरले तेव्हा पावणेदोनशेच्या आसपास प्रदर्शक होते. २०२४ साली ५९ देशांतून २,९४० प्रदर्शक आले. एवढ्या वाढीचे श्रेय केवळ आयोजकांच्या कौशल्याला देता येणार नाही. युरोपातील रेल्वे आपली इंजिने आणि डबे कोणाकडून व कोणत्या पद्धतीने विकत घेते, ती पद्धतच १९९०च्या दशकात बदलली आणि या प्रदर्शनाची गरज त्यातून निर्माण झाली.

रेल्वे आणि प्रदर्शन यांचे बर्लिनमधील नाते मात्र त्याहून फार जुने आहे. ३१ मे १८७९ रोजी सुरू झालेल्या बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात सीमेन्स अँड हाल्स्के या कंपनीने सुमारे ३०० मीटर लांबीच्या गोलाकार रुळांवर एक लहानशी विजेची गाडी चालवून दाखवली. बाहेरून रुळांवाटे वीज घेऊन प्रवाशांना वाहून नेणारी ती पहिली आगगाडी मानली जाते. इंजिनाची मूळ कल्पना कोळशाच्या खाणीतील वाहतुकीसाठी होती. इंजिनामागे तीन छोटे डबे, प्रत्येकात सहा माणसे आणि चालण्याच्या वेगाहून थोडा अधिक वेग एवढाच तो थाट होता, तरीही चार महिन्यांत ८० हजारांहून अधिक लोक त्या गाडीत बसले. कंपनीचे संस्थापक वेर्नर फॉन सीमेन्स यांना विजेने गाडी ओढणे शक्य आहे हे कागदावर पटवून द्यावे लागले नाही, कारण लोकांनी गाडीत बसूनच ते अनुभवले. त्यानंतर ४६ वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातील पहिली विजेची लोकल धावली. तिच्या वंशवृक्षाचे एक मूळ बर्लिनमधील त्या गोल रुळांपाशी जाते, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत वाहतुकीची मोठी प्रदर्शने भरली, पण त्यांचा रोख सर्वसामान्य प्रेक्षकाकडे होता. १९६५ सालच्या म्युनिक येथील आंतरराष्ट्रीय वाहतूक प्रदर्शनाच्या वेळी ई ०३ जातीच्या इंजिनांनी म्युनिक ते आउग्सबुर्ग या मार्गावर ताशी २०० किलोमीटर वेगाने प्रवासी गाड्या नेल्या. १९७९ साली हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात ट्रान्सरॅपिड ही चुंबकीय तरंगगाडी लोकांना बसण्यासाठी खुली होती. देशाचे तांत्रिक सामर्थ्य या प्रदर्शनांतून दिसत असे. मालाची खरेदी-विक्री तेथे ठरत नसे.

याचे कारण त्या काळच्या खरेदी-व्यवहारात होते. पश्चिम जर्मनीची सरकारी रेल्वे बुंडेसबान आपली इंजिने म्युनिक आणि मिंडेन येथील स्वतःच्या मध्यवर्ती तांत्रिक कार्यालयांच्या देखरेखीखाली घडवून घेत असे आणि बांधणीचे काम देशातील ठरावीक कारखान्यांकडे जात असे. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व आराखडा संस्थेकडून आराखडा आणि चित्तरंजनच्या कारखान्यातून इंजिन, ही आपल्याकडील जुनी व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सहज उमगेल. पूर्व जर्मनीच्या राइशबान या सरकारी रेल्वेला बर्लिनलगतच्या हेनिग्सडोर्फ येथील सरकारी कारखान्यातून विजेची इंजिने मिळत. गिऱ्हाईक एकच आणि विक्रेतेही ठरलेले, अशा ठिकाणी बाजार भरवण्याचे प्रयोजन राहत नाही.

बर्लिनची भिंत पडल्यानंतर ही घडी मोडली. १९९१ साली युरोपीय समुदायाने ९१/४४० हा निर्देश काढून रेल्वेमार्गांचा कारभार आणि गाड्या चालवण्याचा व्यवसाय यांचे हिशेब वेगळे ठेवण्यास सांगितले. १ जानेवारी १९९४ रोजी बुंडेसबान आणि राइशबान यांचे विलीनीकरण होऊन डॉइचे बान ही कंपनी स्थापन झाली. १९९६ पासून स्थानिक प्रवासी सेवांची जबाबदारी जर्मनीतील राज्यांकडे गेली आणि राज्ये त्या सेवांसाठी हळूहळू निविदा मागवू लागली. गाड्या विकत घेणारे अनेक झाले, त्यांतील कित्येकांकडे स्वतःचे अभियांत्रिकी कार्यालय नव्हते, त्यामुळे तयार गाडी पाहून, तुलना करून मगच निवड करणे त्यांच्या दृष्टीने आवश्यक झाले. पुरवठादारांचे जगही त्याच वेळी ढवळून निघाले होते. एबीबी आणि डाइमलर-बेन्झ या कंपन्यांचे रेल्वे विभाग एकत्र येऊन १९९६ मध्येच आडट्रान्झ ही कंपनी उभी राहिली, तिचे मुख्यालय बर्लिनमध्ये होते आणि हेनिग्सडोर्फचा कारखाना तिच्याकडे आला. मेसे बर्लिन या प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थेने इनोट्रान्स भरवले ते नेमके याच वर्षी. योग्य शहरात, योग्य वेळी पाऊल पडले, असेच म्हणावे लागते.

पुढील यशात मैदानाचाही वाटा मोठा आहे. यंत्राचा सुटा भाग किंवा सिग्नलचा संच कोणत्याही दालनात मांडता येतो, पण शेकडो टन वजनाची संपूर्ण गाडी मांडायची तर ती तिच्याच रुळांवरून आत यावी लागते. बर्लिनच्या प्रदर्शन-मैदानात रेल्वेच्या जाळ्याशी जोडलेले सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे रूळ आहेत. त्यामुळे इंजिने, मेट्रो, ट्राम, मालवाहू वाघिणी आणि रूळदुरुस्तीची अवजड यंत्रे तेथे खऱ्या रूपात उभी राहतात. खरेदीदार चालकाच्या खोलीत बसून पाहू शकतो, डब्याखाली वाकून बोगीची, म्हणजे चाकांच्या सांगाड्याची, जोडणी तपासू शकतो. इतर अनेक शहरांतील रेल्वे प्रदर्शनांना ही सोय देता आलेली नाही. माझ्या मते इनोट्रान्सच्या वाढीचे सर्वांत कमी सांगितले जाणारे कारण हेच आहे.

प्रदर्शनाचा पसारा कालांतराने पाच विभागांत विस्तारला : रेल्वे तंत्रज्ञान, पायाभूत सुविधा, सार्वजनिक वाहतूक, डब्यांची अंतर्गत सजावट आणि बोगदा-बांधकाम. नवी गाडी प्रथम बर्लिनमध्ये दाखवायची, असा कंपन्यांचा परिपाठच पडला. फ्रान्सच्या आल्स्टॉमने हायड्रोजनवर चालणारी कोराडिया आयलिंट २०१६ साली येथेच पुढे आणली आणि दोन वर्षांत ती जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात प्रवासी घेऊन धावू लागली. २०१५ साली दोन सरकारी कंपन्यांच्या विलीनीकरणातून तयार झालेल्या चीनच्या सीआरआरसीने २०१८ मध्ये कार्बन तंतूंनी बांधलेली हलकी मेट्रो येथे मांडली. त्या वर्षी ६१ देशांतील ३,०६२ प्रदर्शक उपस्थित होते.

करोनाच्या साथीने ही साखळी तुटली. २०२०चे प्रदर्शन आधी एप्रिल २०२१ पर्यंत पुढे ढकलले गेले, नंतर तेही रद्द झाले आणि चार वर्षांच्या खंडानंतर २० ते २३ सप्टेंबर २०२२ या काळात ते पुन्हा भरले. २०२४ मध्ये अभ्यागतांची संख्या सुमारे १ लाख ७० हजारांवर पोहोचली, मात्र प्रदर्शकांचा २०१८चा आकडा ओलांडला गेला नाही. दरम्यान, आडट्रान्झ २००१ मध्ये विकत घेणाऱ्या कॅनडाच्या बंबार्डियरचा रेल्वे व्यवसाय २०२१ मध्ये आल्स्टॉमकडे गेला होता, म्हणजे पहिल्या प्रदर्शनाच्या वर्षी उभ्या राहिलेल्या त्या मोठ्या कंपनीचा वारसा आता फ्रेंच नावाखाली मांडला जातो.

भारतात रेल्वे मंत्रालय आणि भारतीय उद्योग महासंघ यांच्या पुढाकाराने दिल्लीत १९९० पासून रेल्वे उपकरणांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते, म्हणजे वयाने ते इनोट्रान्सहून वडील आहे. महाराष्ट्रातील प्रवाशाचा संबंध बर्लिनशीही येतो : नागपूर मेट्रोला गाड्या पुरवणारी सीआरआरसी आणि मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या गाड्या बांधणारी आल्स्टॉम या कंपन्या त्याच रुळांवर आपला माल मांडत आल्या आहेत. सीमेन्सला २०२३ मध्ये भारतीय रेल्वेकडून मिळालेल्या १,२०० मालवाहू इंजिनांच्या कंत्राटात देखभालीच्या चार केंद्रांपैकी एक पुण्याला आहे.