आढाव्याचा कागद आणि इंग्रजीचे गुण

इंग्लंडमधली मुलं सोळाव्या वर्षाच्या सुमारास जीसीएसईची परीक्षा देतात. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांत काय पदरात पडतं, यावर त्यांचं पुढचं बरंच काही ठरतं. या परीक्षेची तयारी चालू असतानाच अनेक शाळा काही मुलांकडून आणखी एक प्रमाणपत्र करून घेत असत: सर्टिफिकेट ऑफ पर्सनल इफेक्टिव्हनेस, थोडक्यात ‘कोप’. ते तयार केलं ब्रिस्टलच्या अ‍ॅस्डन या संस्थेनं. त्याला लेखी परीक्षा नव्हती. मुलानं कामं हाती घ्यायची, ती पार पाडायची, आणि त्याचे पुरावे एका फाइलमध्ये लावत जायचे. ऐन परीक्षेच्या वर्षात असे तास दिले तर मुख्य विषय मागे पडतील, ही शंका कुणालाही येईल.

ब्रिस्टलच्याच वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली राष्ट्रीय नोंदींमधून याची तपासणी केली, तेव्हा चित्र उलटं दिसलं. कोप केलेल्या मुलांना इंग्रजीत ए-स्टार ते सी यांपैकी श्रेणी, म्हणजे तेव्हा चांगला समजला जाणारा निकाल, मिळण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी जास्त होती. इंग्रजी व गणितासह पाच विषयांत अशा श्रेणी मिळण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी जास्त होती. हे १० टक्के म्हणजे उत्तरपत्रिकेतले १० गुण नव्हेत. मुळात जेवढी शक्यता होती, तिच्यात पडलेली ती भर आहे. विशेष म्हणजे आधीचे गुण कमी असलेल्या आणि गरीब घरांतून आलेल्या मुलांमध्ये फायदा जास्त दिसला.

असा आकडा वाचला की पहिला प्रश्न हा विचारायला हवा: ही मुलं आधीपासूनच वेगळी नव्हती ना? कोपला कोण बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. संशोधकांनी अकराव्या वर्षीचे गुण, शाळेत मोफत जेवण मिळण्याची पात्रता यांसारख्या गोष्टी हिशेबात धरून तुलना केली, म्हणजे सारख्या पार्श्वभूमीची मुलं शेजारी शेजारी ठेवली. पण चिकाटीची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात नसते. फाइल शेवटपर्यंत नेणारं मूल अभ्यासही शेवटपर्यंत नेणारं असू शकतं. त्यामुळे कोपमुळेच गुण वाढले असं या अभ्यासानं सिद्ध होत नाही. मात्र ते तास दिल्यानं मुख्य विषय मागे पडल्याचं दिसलं नाही, एवढं त्यातून म्हणता येतं. आणि गुण वाढण्याची कारणं शोधायला गेलं, तर ती बऱ्यापैकी ठोस मिळतात.

त्यासाठी या कामात काय काय असतं ते पाहू. कोपची बांधणी क्रेडिटवर होती. एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचं काम, आणि एकूण १२ क्रेडिट लागत. विषय पर्यावरण, आरोग्य, खेळ, समाजकार्य, कला असे कोणतेही चालत. त्यातून सहा गोष्टी दाखवायच्या: इतरांबरोबर काम करणं, स्वतःचा अभ्यास सुधारणं, अडचण सोडवणं, माहिती शोधून मांडणं, चर्चेत भाग घेणं आणि तोंडी सादरीकरण करणं. प्रत्येक कामाला तीनच पायऱ्या: आखणी, कृती, आढावा.

आखणीची सवय महत्त्वाची का, ते १९९४ सालच्या एका कॅनेडियन अभ्यासात स्पष्ट दिसतं. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस फार आशावादी बांधतो, आणि चूक झाली तरी पुढच्या वेळी पुन्हा तोच अंदाज बांधतो, कारण मागचा अंदाज कुठे लिहून ठेवलेलाच नसतो. फाइलमध्ये ‘ठरवलेला वेळ’ आणि ‘लागलेला वेळ’ हे दोन रकाने शेजारी शेजारी असले की ती पळवाट बंद होते. १२ क्रेडिटची कामं करताना मुलाच्या हातून हे अनेकदा घडतं. उजळणीचं वेळापत्रक आखायची वेळ येते तेव्हा ‘एक धडा, अर्धा तास’ असं ते सहजासहजी लिहीत नाही.

इंग्रजीत फायदा जास्त का दिसावा, याचं एक कारण समोरच आहे. चर्चा, माहितीची मांडणी, सादरीकरण ही भाषेचीच कामं आहेत. पाच जणांसमोर आपला मुद्दा मांडताना कारण द्यावं लागतं, समोरच्याचं म्हणणं खोडावं लागतं, आणि कोणत्या क्रमानं बोलायचं हे आधी ठरवावं लागतं. लेखी उत्तरातला परिच्छेद यापेक्षा फारसा वेगळा नसतो.

पण माझ्या मते खरं बळ तिसऱ्या पायरीत, म्हणजे आढाव्यात आहे, आणि शाळांमध्ये सगळ्यात जास्त हेळसांड होते तीही हिचीच. स्वतःच्या शिकण्यावर नजर ठेवणं, ते तपासणं आणि त्यानुसार पद्धत बदलणं याला मानसशास्त्रात मेटाकॉग्निशन म्हणतात. जॉन फ्लेव्हल यांनी १९७० च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. इंग्लंडच्या एज्युकेशन एंडॉवमेंट फाउंडेशननं अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या संकलनात या शिकवणुकीचा परिणाम वर्षभरात सरासरी सुमारे ७ महिन्यांच्या जादा प्रगतीइतका भरला होता. त्याच संस्थेचं म्हणणं असं, की ही कौशल्यं विषयापासून तोडून शिकवू नयेत, विषयाच्या आतच शिकवावीत.

म्हणून एक आढावा जवळून पाहू. जीसीएसई घेणाऱ्या एक्यूए या परीक्षा मंडळाची इंग्रजी भाषेची पहिली प्रश्नपत्रिका घ्या: १ तास ४५ मिनिटं, ८० गुण. वाचनावरचे चार प्रश्न अनुक्रमे ४, ८, ८ आणि २० गुणांचे. पाचवा लेखनाचा, एकटाच ४० गुणांचा. त्या ४० पैकी २४ आशय व मांडणीला, १६ भाषेच्या शुद्धतेला. सराव परीक्षेत एखाद्या मुलाला कमी गुण पडले आणि त्यानं आढाव्यात लिहिलं, “पुढच्या वेळी वेळेचं नियोजन सुधारेन.” या वाक्यानं काहीही बदलत नाही. ते कोणत्याही मुलाच्या, कोणत्याही परीक्षेच्या कागदावर चालून जाईल.

आता तोच कागद नीट भरू. पेपर सुरू होण्याआधी मुलानं अपेक्षित गुण लिहायचे. पेपर देताना प्रत्येक प्रश्नाला सुरुवात करतानाची वेळ समासात टिपायची. तपासलेला पेपर हाती आला की गेलेला प्रत्येक गुण चारपैकी एका रकान्यात टाकायचा: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला, वेळ पुरला नाही. समजा, समासातल्या नोंदींवरून दिसलं की ८ गुणांच्या दुसऱ्या प्रश्नावर २५ मिनिटं गेली आणि ४० गुणांच्या लेखनाला २० मिनिटंच उरली. त्याची अडचण वाचन नाही, लेखनही नाही. दुसऱ्या प्रश्नावर थांबायचं कुठे, हे त्याला ठरवता येत नाही. आता उपाय एका वाक्यात लिहिता येतो: “पेपर सुरू होऊन तास झाला की, वाचनाचं उत्तर अर्धं असलं तरी, मी पाचव्या प्रश्नाकडे वळेन.”

हे ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं लिहिणं मुद्दाम आहे. पीटर गॉलवित्झर आणि पास्कल शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अशा ठरावांवरच्या ९४ चाचण्या एकत्र मांडल्या. नुसतं ध्येय ठेवण्यापेक्षा वेळ, जागा आणि कृती जोडून केलेला ठराव स्पष्टपणे जास्त पाळला जातो, असं त्यातून दिसलं. एका आढाव्यातून असा एकच ठराव काढावा. पाच काढले की एकही लक्षात राहत नाही.

गुण दुसऱ्या रकान्यात, म्हणजे ‘आठवलं नाही’मध्ये जात असतील, तर चूक बहुतेक उजळणीच्या पद्धतीत असते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग इथे कामाला येतो. एका गटानं उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के होतं, वाचणाऱ्यांच्या ४२. पुन्हा वाचताना ओळखीचं वाटतं आणि मूल त्यालाच ‘येतं’ समजतं. ही फसगत वही मिटल्याशिवाय कळत नाही.

फाइल भरूनही गुण जागच्या जागी राहतात, तेव्हा कारणं ठरलेली असतात. वर्षअखेरीस एका बैठकीत सगळे आढावे लिहून काढले जातात. तोवर काय चुकलं हे आठवत नाही आणि सुधारायला जागाही उरत नाही. कधी शिक्षक नमुना फळ्यावर लिहून देतात. कधी फोटोच फोटो लावले जातात, निर्णय कुठेच नसतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ही फाइल एका शिक्षकाच्या कपाटात पडून राहते. इंग्रजीच्या शिक्षकांनी ती कधी पाहिलेलीच नसते. सहलीची आखणी शिकलेलं मूल ती रीत आपोआप निबंधाला लावेल, हा भरवसा धरू नये. “हेच इथेही करायचं आहे,” असं कुणीतरी त्याला बोट ठेवून दाखवावं लागतं.

इंग्लंडमध्ये पुढे धोरणच बदललं. अ‍ॅलिसन वुल्फ यांच्या व्यावसायिक शिक्षणावरच्या २०११ च्या अहवालानंतर, शाळांच्या गुणतक्त्यांत, म्हणजे शाळांची तुलना करणाऱ्या निकालांच्या सरकारी तक्त्यांत, जीसीएसईच्या बरोबरीनं मोजली जाणारी प्रमाणपत्रं ३,१७५ वरून १२५ वर आणायचं सरकारनं जाहीर केलं; अंमल २०१४ च्या तक्त्यांपासून झाला. काही प्रमाणपत्रं एकटीच चार-चार, सहा-सहा जीसीएसईंच्या बरोबरीची धरली जात होती, तेव्हा छाटणीला कारण होतंच. पण त्या छाटणीत कोपही तक्त्यांबाहेर गेलं, आणि तक्त्यात न दिसणाऱ्या कामाला शाळा वेळ देईनाशा होतात. हे नुकसान सर्वात जास्त त्या मुलांचं झालं असावं, ज्यांना आखणी-आढावा शिकवणारं घरी कुणी नव्हतं.

तरी आढाव्याच्या कागदाला प्रमाणपत्राची गरज नाही. सराव परीक्षेनंतरच्या तासाला २० मिनिटं पुरतात: पाच मिनिटं गुण चार रकान्यांत मांडायला, दहा शिक्षकांनी फिरून एकेकाला “हे कशावरून?” असं विचारायला, पाच ठराव लिहायला. कागद शिक्षकांनी जमा करून ठेवायचा आणि पुढच्या सराव पेपरच्या दिवशी, प्रश्नपत्रिका वाटण्याआधी, ज्याचा त्याच्या हातात परत द्यायचा. दोन पेपरांमध्ये दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको. दुसऱ्या पेपरचे गुण पाहण्याआधी समासातल्या वेळा पाहाव्यात. पाचव्या प्रश्नाला २० ऐवजी ४० मिनिटं मिळाली असतील, तर गुण अजून हलले नसले तरी ठराव पाळला गेला आहे, आणि आता शिकवायचं ते लेखन.