बटरहेड लेट्यूसला ऊन का सोसत नाही?

बटरहेड लेट्यूसचं, म्हणजे मऊ पानांचा सैलसर गड्डा धरणाऱ्या सॅलडच्या पाल्याचं, बी पेरून दहा दिवस झाले आणि वाफ्यात काहीच हिरवं दिसत नसेल, तर बियाण्याला नावं ठेवण्याआधी माती किती तापते ते पाहा. माती 28-30 अंश सेल्सिअसच्या वर गेली की यातलं बरंचसं बी पाणी पिऊन फुगतं आणि तिथेच थांबतं. ते मेलेलं नसतं. लेट्यूसचा रानटी पूर्वज कोरड्या, कडक उन्हाळ्याच्या प्रदेशातला. भर उन्हाळ्यात उगवलेलं रोप तिथे जगणारच नाही, म्हणून गारवा येईपर्यंत थांबायची सवय बियाण्यात मुरली आहे. यावर उपाय सोपा आहे: बी ओल्या कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं आणि मोड दिसताच सावलीतल्या ट्रेमध्ये लावायचं.

बी खोल पुरू नका, वर मातीचा अगदी पातळ थर पुरे. लेट्यूसच्या बियाण्याला उजेड कळतो. 1952 साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या बोर्थविक, हेंड्रिक्स या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ या वाणाच्या भिजलेल्या बियांवर आलटून पालटून लाल आणि अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश टाकला. शेवटचा झोत लाल असेल तर बी रुजायचं, अतिलाल असेल तर बहुतेक तसंच पडून राहायचं. दाट पानांखाली लाल प्रकाश गाळला जातो आणि अतिलाल उरतो, म्हणजे डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली आहे हे बी ओळखतं! या प्रयोगांतूनच पुढे फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य हाती लागलं. हल्लीची बरीच वाणं उजेडाबाबत एवढी हट्टी नसतात, पण बी इतकं बारीक असतं की खोलवरून वर येण्याइतकी शिदोरी त्याच्यात नसतेच.

रोपं वीस-पंचवीस सेंटीमीटर अंतरावर लावा. 15 ते 20 अंशांत ती खुशीत असतात. मुळं उथळ, त्यामुळे वरची माती सुकली की झाड लगेच मलूल होतं. पालापाचोळ्याचं आच्छादन आणि दुपारची सावली, एवढं सांभाळलं तर दोन महिन्यांच्या आसपास गड्डा तयार होतो.

खरी मेख गड्ड्याच्या आत आहे. बाहेरून टवटवीत दिसणारा गड्डा उघडावा, तर मधल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, करपलेल्या. हा रोग नव्हे. पानांच्या पेशीभित्ती घट्ट राहायला कॅल्शियम लागतं आणि ते मुळांकडून पाण्याबरोबर वर येतं. ज्या पानातून बाष्प जास्त उडतं, तिकडे पाणीही जास्त जातं. बाहेरची पानं उन्हात श्वास घेत असतात, आतली मात्र एकमेकांना चिकटून बंद असतात. बाष्प उडत नाही, म्हणून पाणी फारसं पोहोचत नाही आणि मातीत कॅल्शियम भरपूर असूनही आतली पानं उपाशी राहतात. जुन्या पानात एकदा बसलेलं कॅल्शियम झाड काढून नव्या पानाला देऊ शकत नाही. वरून फवारणी केली तरी ती मिटलेल्या पानांपर्यंत जात नाही. नत्राचा मारा केला की वाढ वेगाने होते आणि दुखणं वाढतं. म्हणून खत बेताने घाला आणि ओल एकसारखी ठेवा. रात्री पानांची रंध्रं मिटलेली असताना मुळांच्या दाबाने थोडं पाणी आतल्या पानांनाही मिळतं, पण त्यासाठी मातीत ओल हवी. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको.

उष्मा वाढला आणि दिवस मोठे झाले की जिबरेलिन या संप्रेरकाच्या जोरावर मधला दांडा वर सरकतो, डेंगळा म्हणजे फुलांचा दांडा येतो. त्याच सुमाराला चिकातली कडू द्रव्यं वाढतात. शेंडा खुडून काही उपयोग नाही, झाडाचा निर्णय झालेला असतो. गड्डा मधोमध उंच, टोकदार दिसू लागला की वाट न बघता काढून घ्या, तोही सकाळी, पानं पाण्याने तट्ट भरलेली असताना. जमिनीपासून बोटभर वर कापलंत तर हवा गार असेतो बुंध्याला पुन्हा पानं फुटतात. गड्डा पहिल्याएवढा भरत नाही, पण सॅलडपुरती पानं मिळतात.