चौक, बंदोबस्त आणि वीस तारीख

कोल्हापुरात मोठा मोर्चा ठरला की पोलिसांच्या गाड्या भल्या पहाटे छत्रपती शिवाजी महाराज चौकात येऊन लागतात. चौकाला हे नवं नाही. संस्थानकाळात इथे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत जयाबाई हविरे आणि भागीरथीबाई तांबट यांनी त्याला डांबर फासलं, पुढे पुतळा फोडला गेला आणि १९४५ मध्ये तिथे शिवरायांचा पुतळा बसला. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले सात जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले. तेव्हाच्या पोलिसाला जाब विचारायला कुणी नव्हतं.

१ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं. १९५१ चा पोलीस कायदा आला, आणि त्यातलं कलम ३७, म्हणजे जमावबंदी, इथल्या कार्यकर्त्यांना आज तोंडपाठ आहे. मनाई आदेश निघतो, मोर्चाही निघतो, गुन्हे दाखल होतात आणि ते मागे घ्या म्हणून पुन्हा मोर्चा निघतो.

टोलचं आंदोलन या सगळ्याचा कळस होतं. शहरातल्याच रस्त्यांसाठी शहराच्या वेशीवर पैसे मोजायचे, हे लोकांना पटलं नाही. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसं रस्त्यावर उतरली आणि समोर बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस बहुतेक वेळा याच जिल्ह्यातला होता. त्याच्या घरचाही टोलला विरोधच असणार. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. ते चुकीचंच होतं, पण त्याआधी कितीतरी महिने लोक शांतपणे सांगत होते आणि सरकार त्यांच्यापुढे फक्त पोलीस उभे करत होतं. २०१५ संपता संपता टोल रद्द झाला. निर्णय मंत्रालयाचा होता, शिव्या मात्र नाक्यावरच्या शिपायाने खाल्ल्या.

तोवर पानसरे गेले होते. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतताना सागरमाळ भागात त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला त्यांचं निधन झालं. मोर्चात त्यांच्यासमोर उभं राहिलेल्या पोलीस खात्यालाच आता त्यांचे मारेकरी शोधायचे होते. कोल्हापूरकरांनी यावर जे केलं, त्याचा मला फार अभिमान वाटतो. दर महिन्याच्या २० तारखेला लोक सकाळी ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ला निघू लागले. एकही दगड नाही, फक्त चालणं आणि मारेकरी कधी सापडणार हा तोच प्रश्न. दुसरीकडे कुटुंबीय उच्च न्यायालयात पाठपुरावा करत राहिले. तपास अधिकाऱ्यांना तारखेगणिक प्रगती अहवाल द्यावा लागला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तपास विशेष पथकाकडून दहशतवादविरोधी पथकाकडे, म्हणजे एटीएसकडे, गेला.

कोल्हापूर परिक्षेत्रातल्याच सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये अनिकेत कोथळे या तरुणाचा कोठडीत मारहाणीने मृत्यू झाला. तो पळून गेला असं भासवण्यात आलं आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला गेला. सांगली पेटून उठली, तपास सीआयडीकडे गेला, आरोपी पोलीस बडतर्फ झाले. हातकणंगले तालुक्यातल्या आळते गावच्या सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. पोलिसाच्या खुनाचा तपास पोलिसांनी नीट करावा म्हणून त्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने एका वरिष्ठ पोलीस निरीक्षकालाच जन्मठेप सुनावली.

पोलिसांवरच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच प्रकाश सिंग खटल्यात बजावलं होतं. महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये. आठ वर्षं गेली.

७ जून २०२३ ला आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद पुकारला गेला. जमाव याच चौकात आला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या आणि जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. आमच्या गल्लीतले एक हवालदार मामा बंदोबस्तावरून घरी आले, तेव्हा हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ हनुवटीखाली उमटला होता. नेट सुरू झालं आणि मुलीने मोबाईल पुढे केला. “पप्पा, ह्यात तुम्हीच हाय काय?” काठी उगारलेला पोलीस पाठमोरा होता. मामांनी व्हिडिओ दोनदा मागे घेऊन पाहिला. ते नव्हते. खांद्यावर दगडाचा काळानिळा डाग मात्र होता. मला म्हणाले, “दगड लागला त्यो कुणी काढला न्हाई, काठी तेवढी सगळ्यांनी काढली. पर काढाय पायजेच. त्यानं हात आवरतोय.”

मला त्यांचं म्हणणं पटतं, पण मोबाईलचा कॅमेरा काठी धरणाऱ्या हातापर्यंतच पोचतो. जमाव जमू द्यायचा की आदल्या रात्रीच अडवायचा, हे ठरवणारा त्या चौकटीत कधीच येत नाही. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली. बंदोबस्त असताना जमाव तिथवर गेलाच कसा, हा प्रश्न शिपायाला विचारून उपयोग नव्हता. तो उच्च न्यायालयातच विचारला गेला.

तेव्हा उच्च न्यायालय म्हणजे मुंबई, पावणेचारशे किलोमीटर. तक्रारदार रात्रीची गाडी पकडायचा, पोलीसही फायलींचा गठ्ठा घेऊन निघायचे आणि दोघे पुढची तारीख घेऊन परतायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठीचं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. शिवाजी चौकातून भाऊसिंगजी रोडने चालत गेलं, तर दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोचता येतं.