तंद्री आणि मेंदूच्या लहरी : विश्रांती सत्राला येण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

आमच्या केंद्रात प्रथमच येणारे बहुतेक ग्राहक दोन प्रश्न विचारतात. सत्राच्या वेळी आपली शुद्ध हरपेल का, हा पहिला. आणि मेंदूतल्या ‘अल्फा लहरी’ वाढवून मिळतात असे ऐकले आहे ते खरे का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची सरळ उत्तरे शुल्क भरण्याआधी मिळणे हा आपला हक्क आहे, म्हणून हे पत्रक.

तंद्री आपल्या ओळखीचीच आहे. भजनात टाळांचा ठेका धरला की तास कसा सरला ते कळत नाही, आणि रोजच्या रस्त्याने घरी पोचल्यावर मधला चौक कधी ओलांडला ते आठवत नाही. अशा वेळी लक्ष एका जागी स्थिरावते आणि भोवतालचे जग थोडे मागे सरते. सत्रात आपण शवासनात पडून राहता आणि मार्गदर्शकाच्या आवाजाच्या आधाराने श्वास मंद करीत सावकाश याच अवस्थेकडे जाता. आपल्याला सर्व ऐकू येत असते, आणि नको वाटल्यास कोणत्याही क्षणी डोळे उघडून उठून बसता येते. काहींना मध्येच झोप लागते. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अंगात येणे हा श्रद्धेचा वेगळा विषय असून आमच्या सत्रांचा त्याच्याशी संबंध नाही.

आता लहरींविषयी. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूतील विद्युत् हालचालींची पहिली नोंद घेतली आणि ती १९२९ साली प्रसिद्ध केली. योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्यासाठी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले तेही १९२४ सालीच, हा योगायोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा हा विद्युत् संकेत व्होल्टच्या काही लाखांश भागांइतकाच, म्हणजे अतिशय क्षीण असतो. त्याची आंदोलने सेकंदाला किती होतात यावरून लहरींना नावे दिली आहेत : गाढ झोपेत ठळक दिसणाऱ्या, चारपेक्षा कमी आंदोलनांच्या डेल्टा, पेंग येताना वाढणाऱ्या ४ ते ८ च्या थीटा, जागेपणीच्या निवांत स्थितीतील ८ ते १३ च्या अल्फा, आणि कामात गुंतलेल्या मनाच्या, साधारण ३० पर्यंतच्या बीटा. त्याहून जलद लहरींना गामा म्हणतात.

मेंदू मोटारीच्या गिअरप्रमाणे एका लहरीतून दुसरीत जातो, अशी समजूत अनेक जाहिरातींमुळे पसरली आहे आणि ती चुकीची आहे. सर्व प्रकारच्या लहरी मेंदूत एकाच वेळी कमीअधिक प्रमाणात चालू असतात. शिवाय नुसते डोळे मिटले तरी डोक्याच्या मागील भागात अल्फा लहरी ठळक होतात, हे खुद्द बर्गर यांनीच दाखवले होते. त्यामुळे एखाद्या यंत्राच्या पडद्यावर अल्फा दिसली म्हणजे आपण समाधीच्या वाटेवर आहोत, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

या विषयातील दोन जुने अभ्यास आम्हाला विशेष बोलके वाटतात. आनंद, छिना आणि सिंग या दिल्लीच्या संशोधकांनी १९६१ साली मोजक्या योग्यांच्या मेंदूची नोंद प्रसिद्ध केली. समाधीत असताना प्रकाश, मोठा आवाज किंवा उष्णतेचा स्पर्श यांनी त्यांच्या अल्फा लहरी भंगल्या नाहीत. दोघांनी तर ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला तरी लहरी तशाच राहिल्या. उलट १९६६ साली जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांना झेन (बौद्ध ध्यानपरंपरा) साधकांमध्ये असे आढळले की आवाज कितीही वेळा झाला तरी दर वेळी अल्फा क्षणभर थांबते आणि पुन्हा सुरू होते, जणू प्रत्येक आवाज पहिल्यांदाच ऐकला जात आहे. योगी आणि झेन साधक यांची साधना निरनिराळी आणि लहरींचे वागणेही निरनिराळे. सहभागी थोडे असल्यामुळे यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. तरीही ‘ध्यानाची एकच लहर’ असते ही कल्पना किती अपुरी आहे, ते यातून दिसते.

मग आपल्याला लाभ कोणता? २०१४ साली अमेरिकेत ध्यानवर्गांच्या ४७ चाचण्यांचा, सुमारे ३,५०० व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, उदासी आणि वेदना यांत माफक सुधारणा आढळली, परंतु व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. आतड्यांच्या दीर्घकालीन तक्रारीत औषधांनी गुण न आल्यास संमोहन उपचाराचा विचार करावा, असे ब्रिटनची अधिकृत मार्गदर्शिका सांगते. तो उपचार मात्र प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यावा, तो आम्ही देत नाही. आमच्याकडे नियमित येणारे ग्राहक झोप लवकर लागते, खांदे सैल होतात, चिडचिड कमी होते असे सांगतात, आणि हे घडावे यासाठीच आम्ही हे काम करतो. मात्र महिन्यातून एका सत्राने ते घडत नाही. म्हणून घरी रोज करण्यासाठी पंधरा मिनिटांची ध्वनिफीत आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवतो.

दोन्ही कानांत किंचित वेगळे स्वर ऐकवून, उदाहरणार्थ डावीकडे २०० आणि उजवीकडे २१० आंदोलनांचा, मेंदूला ठरावीक लहरीत नेण्याचा दावा केला जातो. दोन स्वरांतील फरकाचा ठोका जाणवतो हे खरे. पण त्यामागे मेंदूच्या लहरी खात्रीने जातात, याबाबत संशोधनाचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. आपल्याला तो आवाज सुखद वाटल्यास आम्ही लावतो, पण त्याचे वेगळे शुल्क घेत नाही.

फेफरे, भास होणे किंवा द्विध्रुवीय (बायपोलर) विकार यांचा पूर्वेतिहास असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारूनच यावे आणि नोंदणीच्या वेळी आम्हालाही सांगावे. लखलखणारे दिवे आम्ही वापरत नाही. चालू असलेली कोणतीही गोळी आमच्या सत्रांच्या भरवशावर बंद करू नये. सत्र संपल्यावर दहा मिनिटे बसून राहावे, पाणी प्यावे आणि पूर्ण तरतरी आल्याशिवाय वाहन चालवू नये.