पोस्टडॉकचा पुरस्कार आणि मेंटॉरचा पुरस्कार: एकाच मंचावरचे दोन वेगळे सन्मान

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टडॉक संशोधकांच्या, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी एखाद्या लॅबमध्ये संशोधन करणाऱ्यांच्या, कौतुकाचा सप्ताह पाळला जातो. नॅशनल पोस्टडॉक्टरल असोसिएशनने २००९ मध्ये एका दिवसाने ही प्रथा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी त्या दिवसाचा सप्ताह झाला. त्या निमित्ताने किंवा वर्षात अन्य वेळी कित्येक विद्यापीठे दोन पुरस्कार देतात: एक उत्कृष्ट पोस्टडॉकला आणि दुसरा पोस्टडॉकला घडवणाऱ्या प्राध्यापकाला, म्हणजे मेंटॉरला. मंच एकच, टाळ्याही सारख्याच, त्यामुळे दूरून पाहणाऱ्याला हे एकाच यशाचे दोन भाग वाटतात. चांगल्या लॅबमधल्या चांगल्या संशोधकाला एक मानचिन्ह आणि त्याच लॅबच्या प्रमुखाला दुसरे, असा हिशेब सहज मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो मान्य केला तर दुसऱ्या पुरस्काराला काही अर्थ उरत नाही.

मुळात पोस्टडॉकला वेगळ्या सन्मानाची गरज का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. पीएचडीच्या विद्यार्थ्याचा प्रवास ठरलेल्या टप्प्यांनी होतो: नोंदणी, प्रगती अहवाल, प्रबंध, मौखिक परीक्षा आणि शेवटी पदवीदान. प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्याच्या नावासोबत गाइडचेही नाव छापलेले असते. पोस्टडॉकच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. अमेरिकेत आरोग्यविषयक संशोधनाला निधी देणारी एनआयएच आणि मूलभूत विज्ञानाला निधी देणारी एनएसएफ या दोन मोठ्या सरकारी संस्थांनी २००७ मध्ये पोस्टडॉकची जी व्याख्या केली, तिच्यात डॉक्टरेट मिळवलेली व्यक्ती, तात्पुरता व ठरावीक कालावधी, आणि मेंटॉरच्या देखरेखीखालील प्रगत प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी येतात. म्हणजे तो विद्यार्थी नाही आणि कायम नोकरीतला प्राध्यापकही नाही. त्याची दोन-चार वर्षे संपतात तेव्हा समारंभ होत नाही. टेबल रिकामे होते आणि ओळखपत्र परत केले जाते. अशा माणसाच्या कामाची विद्यापीठाने जाहीर नोंद घेणे हा उपचार नाही, ती त्याच्या श्रमाची रास्त पावती आहे.

पोस्टडॉकच्या पुरस्कारात मोजले जाते ते काम. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकट या तीन राज्यांतील पोस्टडॉक संशोधकांसाठी २००७ पासून दिले जाणारे ब्लाव्हात्निक प्रादेशिक पुरस्कार हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथे नामांकन संस्थेकडून जाते आणि परीक्षक संशोधनाची गुणवत्ता, नावीन्य व प्रभाव पाहतात. विद्यापीठांच्या अंतर्गत पुरस्कारांत याला थोडी जोड मिळते, म्हणजे कनिष्ठ विद्यार्थ्यांना शिकवणे, पोस्टडॉक संघटनेसाठी वेळ देणे इत्यादी गोष्टीही धरल्या जातात, पण कणा संशोधनाचाच राहतो. प्रश्न सरळ असतो की या व्यक्तीने काय केले आणि त्यात तिचे स्वतःचे किती होते.

मेंटॉरच्या पुरस्कारात मात्र मोजायचे असते ते दुसऱ्याचे घडणे, आणि ते मोजणे अवघड आहे. मेंटॉरचे पेपर, त्याची ग्रँट, त्याच्या लॅबचा लौकिक यांपैकी कशावरूनही ते कळत नाही. उत्तम निकाल देणाऱ्या लॅबमध्ये माणसे होरपळून निघाल्याची उदाहरणे विज्ञानक्षेत्रात राहणाऱ्या कोणालाही शोधावी लागत नाहीत. म्हणूनच या पुरस्काराची पत्रे उलट दिशेने येतात. पोस्टडॉकच्या पुरस्कारासाठी लॅबचा प्रमुख शिफारस लिहितो, तर मेंटॉरच्या पुरस्कारासाठी पोस्टडॉक लिहितात. ‘नेचर’ नियतकालिकाने २००५ मध्ये विज्ञानातील मार्गदर्शनासाठी पुरस्कार सुरू केले, जे दरवर्षी वेगळ्या देशात किंवा प्रदेशात दिले जातात. मेंटॉरच्या कारकिर्दीतील वेगवेगळ्या काळांत त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पाच जणांनी स्वतंत्रपणे साक्ष द्यावी, अशी या पुरस्कारांची पद्धत आहे. मला ही पद्धत अत्यंत शहाणपणाची वाटते, कारण एकाच गुणी शिष्यावर केलेली माया आणि वीस वर्षे प्रत्येकाशी राखलेला न्याय यांतला फरक तिच्यातून उघड होतो.

ही दोन पत्रे समोरासमोर ठेवली की आणखी एक गोष्ट दिसते. प्रमुख जेव्हा पोस्टडॉकसाठी लिहितो तेव्हा त्याला गमावण्यासारखे काही नसते. पोस्टडॉक जेव्हा प्रमुखासाठी लिहितो तेव्हा त्याचा पगार, करार वाढणे, पुढच्या नोकरीचे शिफारसपत्र आणि परदेशी असेल तर त्याचा व्हिसासुद्धा त्याच प्रमुखाच्या सहीशी बांधलेला असतो. पुण्यामुंबईहून पीएचडी करून अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलामुलींना हे अवलंबित्व चांगले ठाऊक आहे. सध्या लॅबमध्ये असलेल्या व्यक्तीचे स्तुतिपत्र खोटे असते असे मुळीच नाही, परंतु निवड समितीने लॅब सोडून गेलेल्यांच्या पत्रांना अधिक वजन द्यावे, याला सबळ कारण आहे. ज्याला आता काही मागायचे नाही, त्याच्या कृतज्ञतेवर विसंबता येते.

मग समितीने अशा पत्रात नेमके काय शोधावे? विशेषणे तर शोधू नयेतच. ‘त्यांचे दार सदैव उघडे असे’ हे वाक्य निम्म्या पत्रांत असते आणि त्यातून काहीच कळत नाही. शोधायची ती घटना: ग्रँटच्या अर्जाचा मसुदा कोणी, किती बारकाईने तपासला, प्रयोग वर्षभर फसत असताना विषय बदलण्याचा सल्ला वेळेवर मिळाला का, बाळंतपणानंतर परतलेल्या संशोधिकेचा प्रकल्प तिच्याच नावावर राहिला का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लॅब सोडताना पोस्टडॉकला काय घेऊन जाऊ दिले.

हा शेवटचा प्रश्न एनआयएचच्या के९९/आर०० या अनुदानात सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो. २००६ मध्ये सुरू झालेले हे अनुदान दोन टप्प्यांचे आहे: पहिली दोन वर्षांपर्यंत मेंटॉरच्या हाताखाली आणि त्यानंतरची तीन वर्षांपर्यंत स्वतःच्या लॅबमध्ये. अर्जासोबत मेंटॉरला लेखी निवेदन द्यावे लागते, आणि संशोधनाचा कोणता भाग उमेदवार पुढे स्वतंत्रपणे करील हे त्यात मांडावे लागते. लॅबच्या विषयाचा एक तुकडा तोडून दुसऱ्याच्या हाती देणे, आणि उद्या तो त्याच क्षेत्रात आपल्या बरोबरीने उभा राहील हे स्वीकारणे, ही मार्गदर्शनाची सर्वांत कठीण परीक्षा आहे.

वेंकी रामकृष्णन यांची कारकीर्द या संदर्भात पाहण्यासारखी आहे. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतल्यानंतर ते जीवशास्त्राकडे वळले आणि १९७८ ते १९८२ या काळात येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याकडे पोस्टडॉक होते. रायबोसोम म्हणजे पेशीतली प्रथिने बनवणारी यंत्रणा; तिच्या दोन भागांपैकी लहान उपघटकाचा विषय त्यांनी तेथे हाती घेतला आणि तो त्यांच्यासोबत पुढे केंब्रिजपर्यंत गेला. दरम्यान मूर आणि टॉमस स्टाइट्झ यांनी येलमध्ये मोठ्या उपघटकाची रचना उलगडली. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल रामकृष्णन, स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळाले. मूर त्या यादीत नव्हते. नोबेल हा कामाचा पुरस्कार आहे, त्यामुळे यात नियमबाह्य काही नाही. पण भौतिकशास्त्रातून आलेल्या तरुणाला आपल्या लॅबमध्ये जागा देणाऱ्या शिक्षकाचे ऋण नोंदवायला वेगळी जागा लागते, आणि ती जागा निर्माण करणे विद्यापीठांच्याच हातात आहे.

देखरेख आणि मेंटॉरपण यांतही गल्लत होते. ज्याच्या ग्रँटमधून पगार निघतो तो पर्यवेक्षक असतोच, पण त्यामुळे तो मेंटॉर ठरत नाही. एनएसएफने २००९ पासून पोस्टडॉकसाठी निधी मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत एका पानाचा मार्गदर्शन आराखडा बंधनकारक केला, आणि २०२४ मध्ये ती अट पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही लागू झाली. ही अट आवश्यक होती. तरी आराखडा पैसे मिळण्यापूर्वी लिहिला जातो आणि त्याप्रमाणे घडले का, हे ज्याच्यासाठी तो लिहिला त्यालाच विचारावे लागते.

आपल्याकडे हा विषय आणखी मागे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात. शिक्षकांच्या नेमणुका व बढत्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांतील गुणतक्त्यात पदवी मिळालेल्या प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्यामागे गाइडला दहा गुण आणि प्रबंध सादर झाल्यास पाच गुण आहेत. पोस्टडॉकच्या मार्गदर्शनासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. यूजीसीच्या डॉ. डी. एस. कोठारी पोस्टडॉक्टरल फेलोशिपचे काम पुणे विद्यापीठातील कक्षातून चालत असे, म्हणजे देशभरच्या पोस्टडॉक फेलोंचे अर्ज आपल्याच गावातून हाताळले जात होते. पोस्टडॉक फेलोशिपच्या अर्जात मेंटॉरचे नाव आणि संमती लागते, पण फेलोशिप संपल्यावर त्या मेंटॉरविषयी फेलोला काय वाटले, हे विचारण्याची जाहीर पद्धत आपल्या विद्यापीठांत रुजलेली नाही.

महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाला हे दोन सन्मान सुरू करायचे असतील तर दोन्हींच्या निवड समित्या वेगळ्या ठेवाव्यात आणि एकाच लॅबला एकाच वर्षी दोन्ही मिळाले तर त्याची कारणे लेखी नोंदवावीत. मेंटॉरच्या नामांकनासाठी किमान तीन माजी पोस्टडॉकांची पत्रे मागवावीत, आणि त्यांतले एक तरी अशा व्यक्तीचे असावे जी पुढे प्राध्यापक झाली नाही, उद्योगात, शाळेत किंवा पूर्णपणे निराळ्या व्यवसायात गेली.