‘ट्वायलाइट झोन’ आणि ‘आउटर लिमिट्स’: भलत्याला श्रेय देऊ नका

जुन्या कृष्णधवल अमेरिकी मालिकेतल्या एखाद्या विद्रूप प्राण्याचा फोटो कुणी टाकला, की खाली हमखास प्रश्न येतो: "हा ‘ट्वायलाइट झोन’ ना?" बरेचदा तो ‘द आउटर लिमिट्स’चा असतो. वर तिला ‘झोन’ची नक्कल म्हणून मोकळे होतात, ते तर फारच खटकतं.

दोन्हींत दर भागाला नवी, स्वतंत्र गोष्ट. ‘झोन’ सगळ्यांच्या ओळखीची: सीबीएस वाहिनी, १९५९ ते १९६४, १५६ भाग, त्यांतले ९२ खुद्द तिच्या जनकाने, रॉड सर्लिंगने, लिहिलेले. ‘आउटर लिमिट्स’ एबीसी वाहिनीवरची, १९६३ ते १९६५, अवघे ४९ भाग. लेस्ली स्टीव्हन्सने ती निर्माण केली आणि पहिल्या सीझनची धुरा जोसेफ स्टेफानोने वाहिली. ‘झोन’ बहुतांशी अर्ध्या तासाची, ही तासाभराची. तिथे सर्लिंग समोर येऊन बोलतो, इथे निवेदकाचा नुसता आवाज तुमच्या टीव्हीचा ताबा घेतल्याचं सांगतो. हे विसरलात तरी चालेल.

‘एक अद्भुतकथा, दुसरी विज्ञानकथा’ ही वाटणी मात्र सोडा. यानं, यंत्रमानव, परग्रहवासी ‘झोन’मध्येही भरपूर आहेत. फरक पडतो तो रहस्य कधी उघडायचं यात.

‘झोन’चा १९६० सालचा भाग ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ घ्या. गल्लीतली वीज जाते, गाड्या बंद पडतात. आपल्यातच कुणीतरी परग्रहवासी आहे या संशयाने शेजारी एकमेकांवर उठतात आणि अंधारातून परतणाऱ्या शेजाऱ्यालाच गोळी घालतात. हे सगळं घडवणारे परग्रहवासी टेकडीवर उभे आहेत, हे अगदी शेवटी दिसतं. त्या कलाटणीसाठीच गोष्ट रचलेली आहे.

आता ‘आउटर लिमिट्स’चा १९६३ सालचा ‘द आर्किटेक्ट्स ऑफ फिअर’. अणुयुद्ध टाळायचं तर जगाला एक समाईक शत्रू हवा, म्हणून शास्त्रज्ञ चिठ्ठ्या टाकतात आणि आपल्यातल्याच एकाला शस्त्रक्रिया करून परग्रहवासी बनवतात. बेत आपल्याला सुरुवातीलाच कळतो, लपवण्यासारखं काही उरत नाही. उरतो तो तासभर हळूहळू माणूसपण गमावणारा नवरा, आणि तो मेला असं जिला सांगितलंय ती गरोदर बायको. त्याचं यान वाट चुकतं, त्याला शिकारी गाठतात. मरताना तो दोघांच्या ओळखीची एक खूण करतो, आणि बायको त्याला ओळखते.

‘आउटर लिमिट्स’च्या प्रत्येक भागात एक भयानक प्राणी हवाच, असा दंडक होता. निर्मितीतली मंडळी त्याला ‘अस्वल’ म्हणत. पहिल्या सीझनमध्ये तर तो अनेकदा श्रेयनामावलीच्या आधीच दाखवून टाकत. ज्यांना शेवटचा धक्काच हवा असतो, त्यांना ही मालिका संथ वाटते. मला तिचा पहिला सीझन ‘झोन’च्या कुठल्याही सीझनपेक्षा सरस वाटतो.

वारसाही वेगळा मोजायला हवा. शेवटच्या मिनिटाला सगळं उलटवणाऱ्या कथांनी सर्लिंगचं ऋण जरूर मानावं. पण ‘द टर्मिनेटर’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नंतर लेखक हार्लन एलिसनच्या लेखनाचा ऋणनिर्देश आला, तो भविष्यातून आपल्या काळात येऊन पडलेल्या सैनिकाच्या कथेवरून. एलिसनने लिहिलेला तो भाग, ‘सोल्जर’, १९६४ सालचा. आणि तो ‘आउटर लिमिट्स’चा.